लांबचा फिका, जवळचा गडद

१

आईचं तोंड पुसायचं, पाठीशी दोन उशा लावायच्या, तिला खिडकीकडे तोंड करून बसवायचं आणि मग जुना फोन खिडकीच्या चौकटीत उभा करून ॲप सुरू करायचं, हा ठिणगीचा सकाळचा परिपाठ. त्यानंतर स्वतःची आंघोळ, डबा, केसांशी झटापट. तोवर फोन कान टवकारून बसलेला असायचा आणि बाहेर जो पक्षी ओरडेल त्याचं नाव पडद्यावर उमटवायचा. चिमणी. कावळा. साळुंकी. कबुतर, कबुतर आणि परत कबुतर.

ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी मामाने चिडून ठेवलेलं आणि तिने हौसेने मिरवायला घेतलेलं. शहराच्या पाणी-प्रयोगशाळेत ती नमुने तपासायची. पाणी स्वच्छ आहे असं साहेबांनी सांगितलं म्हणून ते तिच्यासाठी स्वच्छ होत नसे, त्यामुळे तिथेही तिचं फारसं कुणाशी जमत नव्हतं. पक्ष्यांचं वेड तिला आधी नव्हतंच. एका पक्षीमित्र-गटाने आवाहन केलं होतं की आपापल्या खिडकीतून जे पक्षी दिसतील, ऐकू येतील, त्यांची नोंद ॲपवर करा. आईपाशी नुसतं बसलं की ठिणगीला रडू यायचं, पक्षी नोंदवत बसलं की यायचं नाही. म्हणून सुरुवात केली.

आईला झटका येऊन बरेच महिने झाले होते. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, लुळा हात हलायला लागला, शब्द तेवढे परतले नाहीत. "आत किती समजतंय ते सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले होते, तेही आईच्या समोरच, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

त्या सकाळी डब्याचं झाकण लावता लावता ठिणगीची नजर पडद्यावर गेली. कबुतराच्या खाली एक नवीन नाव उजळलं होतं: शीळ घालणारा कस्तूर. शेजारी लाल ठिपका. 'या भागात नोंद नाही.'

नसणारच. दाट जंगलात, ओढ्याकाठी राहणारा पक्षी तो. रस्त्याने जाणारा माणूस आपल्याच तंद्रीत शिट्टी वाजवतो, तशी त्याची शीळ. ठिणगीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी, लोंबत्या तारा, वाळत घातलेल्या चादरी. कस्तूर सोडा, कावळासुद्धा जागेवर नव्हता.

"तुला दिसला का गं?" तिने सवयीने आईला विचारलं आणि सवयीनेच उत्तराची वाट न बघता डबा पिशवीत टाकला.

२

संध्याकाळी तिने रेकॉर्डिंग लावलं. हे ॲप आवाज नुसता ऐकवत नाही, तो काढूनही दाखवतं. पडद्यावरून एक पट्टी सरकत जाते आणि प्रत्येक आवाजाची तिच्यावर रेघ उमटते. लांबचा आवाज फिका, जवळचा गडद. कावळ्याचे फराटे, चिमण्यांचे टिपके, मधेच कुकरच्या शिटीचा जाड पट्टा.

आणि मग ती शीळ. आधी तीन सूर, अगदी फिके, शेवटचा वर उचललेला. थोडी शांतता. नंतर दोन सूर, उतरते. हे दोन मात्र इतके गडद, की पक्षी फोनवर बसून गायला असावा.

ॲपने कस्तूर म्हटलं होतं ते या दुसऱ्या आवाजाला. पहिल्याला त्याने नावच दिलं नव्हतं.

दिवसभर आईपाशी असणाऱ्या ताई चपला घालून निघायच्या बेतात होत्या.

"ताई, आज आत पक्षी आला होता का हो?"

"आत? या खोलीत? अगं, आला असता तर मी गप्प बसले असते होय? घाण काढायची कोणी?"

"शिट्टीसारखा आवाज ऐकलात?"

ताईंनी चप्पल घालायला मुद्दाम वेळ घेतला. "आता खरं सांगू का, मी कानात ते बोंडूक घालून मालिका बघत असते. पण डोळे यांच्यावरच असतात हं! पापणी हलली तरी कळतं मला."

"पापणी नाही हो ताई, आवाज..."

"आवाज कुठून येणार त्यांना, बिचाऱ्यांना," ताई म्हणाल्या आणि आईच्या गालावरून हात फिरवून गेल्या.

ठिणगीने कपाटामागे पाहिलं, पलंगाखाली वाकली, पंख्याच्या पात्यांवर बोट फिरवलं. पीस नाही, विष्ठा नाही. आई उशांना टेकून खिडकीकडे बघत होती. तिचे ओठ कोरडे पडले होते. ठिणगीने चमच्याने पाणी पाजलं.

३

मामा शनिवारी सकाळीच उगवला. आईचा थोरला भाऊ. आल्या आल्या त्याने पलंगाच्या कडेवर बैठक मारली, आईच्या पायांवर पेपर पसरला आणि ठिणगीला ऐकवायला सुरुवात केली.

"जागा छान आहे. बाग आहे. हिच्यासारख्या तिथे पुष्कळ आहेत. सोमवारी मी गाडी घेऊन येतो, दोघं मिळून हिला उचलू."

"हिला नाव आहे, मामा. आणि ती इथेच बसली आहे. तिच्या पायावर तू पेपर ठेवलायस."

मामाने पेपर उचलला, पण विषय सोडला नाही. "हे बघ, तू दिवसभर कामावर. त्या बाई कानात गाणी घालून बसतात. हिला कळत असतं तर गोष्ट वेगळी."

"कळत नाही हे तुला कोणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी."

"डॉक्टर म्हणाले सांगता येत नाही. 'सांगता येत नाही' आणि 'नाही' यांतला फरक मला कळतो, माझा पगारच त्याचा आहे."

"आली मोठी शास्त्रज्ञ," मामा म्हणाला. "एक तरी खूण दाखव मला. एक हुंकार. मी आत्ता फोन करून जागा रद्द करतो."

ठिणगीकडे खूण नव्हती. होती ती पडद्यावरची एक गडद रेघ आणि ती कशाची ते तिलाच माहीत नव्हतं. तरी तिने विचारून टाकलं, "मामा, आपल्याकडे कोणी शीळ घालायचं का रे?"

"ही घालायची की," मामाने आईकडे हनुवटी उडवली. "शाळेत असताना. काय सुंदर घालायची! गल्लीतली माणसं थांबून ऐकायची. मग आम्ही बंद करवली."

"का?"

"का म्हणजे? मुलीने शिट्ट्या मारत हिंडायचं? बरं दिसतं का?"

ठिणगी उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ पूर्ण सोडून उभी राहिली, कारण तोंड उघडलं असतं तर सोमवारची गाडी आजच आली असती. आई शीळ घालायची. एकाच घरात इतकी वर्षं काढून हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिने कधी विचारलंही नव्हतं.

४

शनिवारी दुपारभर तिने गेल्या काही दिवसांची सगळी रेकॉर्डिंगं काढून ऐकली. प्रयोगशाळेत ज्या शांतपणे नळ्या लावून बसायची, तशीच बसली. 

शीळ जवळजवळ रोज होती. ॲपने एकदाच ओळखली होती इतकंच. दरवेळी तेच: आधी बिननावाचे तीन सूर, मग दोन गडद. दोन गडद सूर कायम सारखेच गडद. तीन फिके सूर मात्र सारखे नव्हते. सगळ्यात जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ती रेघ इतकी पुसट होती, की पडदा तिरका धरल्याशिवाय दिसेना. पुढच्या दिवशी थोडी ठसठशीत. त्याच्या पुढे आणखी. कालची तर आईच्या रेघेच्या आसपास गडद.

आपण मनातल्या मनात 'आईची रेघ' म्हणालो, हे तिच्या ध्यानात आलं.

थांब, तिने स्वतःला बजावलं. कोरा नमुना कुठाय? कोणतीही चाचणी करताना एक नमुना असा ठेवतात, की ज्यात शोधायची वस्तू नसतेच. तोही तिच्याकडे होता. मधे एकदा आईला तपासणीला नेलं होतं आणि घाईत फोन खिडकीत चालूच राहिला होता. ते रेकॉर्डिंग तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. चिमण्या, कावळे, कबुतरं, कुकर. शीळ नाही. दोन सूर नाहीत हे ठीक, आई घरात नव्हती. पण ते तीन सूरही नव्हते.

म्हणजे कोणीतरी बाहेरून उगाच शीळ घालत जात नव्हतं. आई घरात असली तरच ते यायचं.

"आई," ती पलंगापाशी जाऊन म्हणाली, "तू बोलतेस का गं कुणाशी?"

आईने तिच्याकडे पाहिलं. नेहमीसारखंच पाहिलं, पण ठिणगी नेहमीसारखी लगेच उठून गेली नाही, म्हणून तिला दिसलं की आईची नजर तिच्या चेहऱ्यावर फार वेळ टिकत नव्हती. ती सारखी तिच्या खांद्यावरून मागे जात होती.

५

लाल ठिपक्याची नोंद एका परीक्षकाकडे जाते. दुर्मीळ पक्षी खरंच ऐकला की नुसता भास, हे ठरवणारे जाणकार असतात. ठिणगीच्या भागाचे परीक्षक कोणी निवृत्त गृहस्थ होते आणि त्यांच्याशी तिचं आधीच वाजलं होतं, कारण तिने बुलबुल लिहिला की हे 'कोणता बुलबुल?' विचारणार. आजोबा परीक्षक, असं ती त्यांना मनात म्हणायची. रविवारी सकाळी त्यांचा निरोप आला. ही कटकट पाहून ती आधीच दातओठ खाऊ लागली.

'नोंद मान्य करता येत नाही. दुसरा आवाज कस्तुराचा नसून माणसाचा आहे. ओठांची शीळ आहे, श्वास घेतलेला स्पष्ट ऐकू येतो. तुमच्याकडे कोणी फार गोड शीळ घालतं, त्यांना माझा नमस्कार सांगा.'

ठिणगीचे डोळे भरून आले. तिचं म्हणणं खरं ठरवणारा पहिला माणूस तिला भेटला होता आणि तो नेमका एक म्हातारा असावा, याचा तिला जरा रागही आला. मग तिने खालच्या ओळी वाचल्या.

'पहिल्या आवाजाबद्दल मी काही लिहीत नाही. चाळीस वर्षं पक्षी ऐकतो आहे. तो पक्षी नाही, आणि त्यात श्वास नाही. शक्य असेल तर काही दिवस खिडकी बंद ठेवा.'

एरवी तिने त्यांना उलट चार ओळी सुनावल्या असत्या. आज ती उठली आणि खिडकी लावली. कडीसुद्धा घातली.

६

पक्षी बघणाऱ्यांमध्ये एक गोष्ट वाईट समजतात. पक्ष्याचा आवाज फोनवरून त्यालाच ऐकवायचा नाही. त्याला वाटतं खरंच कोणीतरी आलंय. तो सगळं सोडून शोधत येतो. गटात सामील होताना ठिणगीने 'मी असं करणार नाही' यावर खूण केली होती.

रविवारी भर दुपारी, लख्ख उजेडात, तिने ते केलं. तिच्या मते ती पक्ष्याला ऐकवतच नव्हती, आईला ऐकवत होती. आईने फोनसमोर एकदा, फक्त एकदा शीळ घातली असती, तर तो व्हिडिओ मामाच्या तोंडावर मारता आला असता. नवा फोन तिने हातात धरला, व्हिडिओ सुरू केला. जुना फोन चौकटीत उभा होता, त्यावर रेकॉर्डिंग लावलं. घाई तिच्या पाचवीला पुजलेली. तीन सुरांच्या प्रश्नाऐवजी आईचं दोन सुरांचं उत्तरच लागलं.

दोन उतरते सूर खोलीभर पसरले. आईचे डोळे मोठे झाले. तिने मान हलवली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. नको.

"काय नको? आई! मला नको म्हणालीस तू?"

बाहेर कावळे ओरडत होते ते थांबले. कबुतरंही. समोरच्या घरातला कुकर तेवढा फुसफुसत राहिला, मग तोही निवला. ठिणगी ऐकत राहिली. बंद खिडकीकडे बघत राहिली.

तीन सूर आले. शेवटचा वर उचललेला.

ते तिच्या पाठीमागून आले.

पाठीमागे स्वयंपाकघर. मधे दार नाही, नुसता अर्धवट ओढलेला पडदा. स्वयंपाकघरात ओटा, फ्रीज, मोरी आणि त्यापुढे भिंत. भिंतीपलीकडे चार मजले मोकळी हवा. आणि ठिणगीला एकदम कळलं, की पट्टीवरची रेघ आवाज किती लांब आहे ते सांगते, कोणत्या बाजूला ते सांगत नाही. फोन खिडकीत होता म्हणून ती धरून चालली होती, की ते बाहेरून येतंय. ते कधीच बाहेरून येत नव्हतं. पण दोन खोल्यांच्या घरात लांब असं काही असतच नाही. मग इतके दिवस ते आतून चालत येत होतं ते कुठून?

तिला वळायचं होतं. मान वळेना. चौकटीतल्या जुन्या फोनचा पडदा आता विझून काळा झाला होता आणि त्या काळ्या काचेत मागची खोली उमटली होती, बोटभर आकाराची. पलंगाची कड. फ्रीजचा पांढरा तुकडा. पडदा. पडद्याच्या दांडीच्या वर, छताला लागून, काहीतरी वाकून उभं होतं. मिटलेल्या छत्रीसारखं, घड्या घड्यांचं. ते हलत नव्हतं. त्याने फक्त मान कलती केली होती, एका बाजूला, उत्तर ऐकायला थांबल्यासारखी.

मनगटावर पकड बसली. आईची. लुळ्या हाताची. दुखेल इतकी घट्ट.

आईने मान वळवून ठिणगीच्या खांद्यावरून मागे पाहिलं, ओठ ओले केले, पण शीळ घातली नाही.

"आहे," आई म्हणाली. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा. "मी आहे. ही माझी मुलगी. हीसुद्धा आहे."

पडदा सैल झाला. आतून घेतलेला श्वास कोणी सोडावा तसा. पण परीक्षक म्हणाले होते, त्यात श्वास नाही. कावळे पुन्हा ओरडू लागले.

ठिणगीने काचेत पाहिलं. फ्रीज, पडदा, दांडी. तिने नवा फोन पाहिला. व्हिडिओत फक्त जमीन होती आणि तिचे स्वतःचे पाय. मग ती आईच्या मांडीवर कोसळली आणि लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडली.

"काय होतं गं ते?"

आईला शब्द जुळवायला वेळ लागत होता. प्रत्येक शब्द ती खोल विहिरीतून काढल्यासारखा काढत होती. "माहीत... नाही. विचारायचं. कोणी... आहे का, म्हणून." ती दमली. थोडं थांबून म्हणाली, "बाकी कोणी... विचारलंच नाही."

"आणि उत्तर दिलं नाही तर?"

आईने बराच वेळ तिच्या केसांतून हात फिरवला. "मग परत... विचारत नाही," ती म्हणाली.

७

सोमवारी मामा गाडी घेऊन आला. दारातूनच त्याने सुरुवात केली. "हिची औषधं कुठायत? हिचे कपडे भरलेस का?"

 आयुष्यात पहिल्यांदा ठिणगी मोठ्या माणसासमोर आपण होऊन गप्प बसली होती आणि त्यात तिला भारी मजा वाटत होती.

"दादा," आई म्हणाली. "मला... विचारलंस का?"

मामाच्या हातातली गाडीची किल्ली खाली पडली. तो तिथेच, दाराला टेकून, मटकन बसला. पांढऱ्या केसांचा, सगळ्यांच्या आयुष्याचे निर्णय खिशात घेऊन हिंडणारा तो माणूस तोंडावर हात धरून हमसून हमसून रडायला लागला. "बोललीस? अगं, बोललीस तू? मला वाटलं... आम्हाला सगळ्यांना वाटलं..."

"वाटलं ना?" ठिणगीला राहवलं नाही. "विचारायचं होतं."

"तू गप्प बस गं," मामा आणि आई एकदम म्हणाले, आणि मग तिघंही हसले. आईचं हसणं तिरपं होतं, पण ते तिचंच होतं.

मामाने फोन करून जागा रद्द केली. ताई आल्या, आईने त्यांना "या" म्हटलं, तर त्यांनी किंकाळी फोडून कानातली बोंडकं काढून फेकली. खोलीत इतका गोंगाट माजला, की स्वयंपाकघरातून तीन सूर आले ते आधी कोणाच्या लक्षातच आलं नाही. आईच्या आलं. तिने हात वर केला.

"आत कोण आहे?" मामाने विचारलं.

पुन्हा तीन सूर. ताईंनी आईचा पाय घट्ट धरला.

"उत्तर दे, दादा," आई शांतपणे म्हणाली. "सगळ्यांनी द्या. साधं बोललात... तरी चालतं."

मामाने ठिणगीकडे पाहिलं. सल्ला मागावा तसं पाहिलं, आणि तिला त्याची टर उडवावीशी वाटली नाही. तिने होकारार्थी मान हलवली. मामा घसा खाकरून उभा राहिला, हजेरीच्या वेळी शाळेत उभा राहावा तसा, आणि म्हणाला, "मी... मी आहे." ताई म्हणाल्या, "मीपण हो, मीपण."

पडदा जरासा हलला आणि स्थिर झाला.

"घसा... सुकलाय माझा," आई म्हणाली. "पाणी द्या कोणीतरी."

पाणी स्वयंपाकघरात होतं. मामाने छताकडे पाहिलं, ताईंनी जमिनीकडे. आईने ठिणगीकडे पाहिलं आणि वाट बघितली.

ठिणगी उठली.  पडद्यापाशी ती क्षणभर थांबली, एक खोल श्वास घेतला, आणि तिकडून कोणी विचारण्याआधीच खणखणीत आवाजात म्हणाली, "मी आहे. आत येतेय."

आणि पडदा सारून आत गेली.